‘टुडे?’ विचारणाऱ्या मॅडम

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या मुलींच्या ग्रुपवर निरोप आला. इंग्लिशच्या मॅडम रिटायर होताहेत, जुन्या विद्यार्थिनींपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत. खाली लगेच एकीनं लिहिलं, ‘कोई ढंग की इंग्लिश बोलनेवाली चाहिए, पुराने प्रिंसिपल सर चीफ गेस्ट हैं.’ वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढंग की म्हणजे कशी? त्या सरांना आवडेल तशी? मी लिहून टाकलं, मी बोलणार, आणि कुणी लिहून दिलेलं वाचणार नाही.

कांचघर मोहल्ल्यातली आमची शाळा हिंदी माध्यमाची, मुलींची. माझ्या घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि इंग्रजी फक्त गाइडमध्ये. ते पाठ करायचं आणि पेपरात ओतायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. नववीला या मॅडम आल्या आणि त्यांनी हजेरीच बदलून टाकली. नंबर पुकारला की ‘यस मॅडम’ म्हणायचं नाही. मॅडम विचारायच्या, ‘टुडे?’ मग उभं राहून आज सकाळपासून जे खरोखर घडलं त्यातलं एक वाक्य इंग्रजीत सांगायचं. चुकलं तर चालेल, खोटं चालणार नाही, आणि गप्प बसलात तर गैरहजर. मी पहिल्याच दिवशी गैरहजर लागले. बाकावर ढळढळीत बसलेली असून! घरी येऊन मी रडले, मॅडमच्या नावानं बोटं मोडली, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, ‘टुडे माय फादर इज अँग्री ऑन स्कूटर.’

कुणी हसलं नाही. हसण्याची हिंमतच नव्हती कुणाची. शाळा सुटायच्या आधी मॅडम दिवसभराची सगळी वाक्यं दुरुस्त करून फळ्यावर लिहायच्या. कुणाचं कुठलं हे कधी सांगायच्या नाहीत. आपलं आपण ओळखायचं आणि उतरवून घ्यायचं. पन्नास पोरींची वाक्यं डोक्यात ठेवून ही बाई रोज खडू झिजवायची, आणि आज तिच्याच निरोपाला कुणीतरी ‘ढंग की इंग्लिश’ मागतं!

दिवाळीनंतर शाळेत तपासणी लागली. प्रिन्सिपल सर स्वतः वर्गात आले आणि आम्हाला वाक्यं वाटून गेले. माय स्कूल इज माय सेकंड होम, आणि त्याच चालीची आणखी. मॅडमना त्यांनी आमच्यासमोरच बजावलं, हजेरीत हेच झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी दहावी तुम्हाला मिळणार नाही. दहावी म्हणजे बोर्ड, आणि मॅडम आम्हाला नववीपासून तयार करत होत्या ते त्याच वर्षासाठी. मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘सर, मैं तो सिर्फ पूछूँगी. जवाब इनका है.’

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीवर, सर शेजारी उभे. पुढच्या बाकावरच्या पोरी एकामागून एक सेकंड होम म्हणत गेल्या आणि साहेब मान डोलावत राहिले. माझा नंबर आला.

‘टुडे?’

मला दिलेलं वाक्य तोंडपाठ होतं. पण त्या सकाळी खरोखर घडलं होतं ते वेगळंच. आमच्या शाळेत संडासाला एकटी मुलगी जात नसे. एक आत, दुसरी बाहेरून दार धरून उभी, कारण आत कडी, आमच्या हिंदीत कुंडी, नव्हतीच. दोघींनी त्यापायी शाळा सोडली होती, आणि कितीजणी जावंच लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नसत. त्या सकाळी मी मैत्रिणीसाठी दार धरलं होतं. तेच बोलले, ‘टुडे आय होल्ड डोअर फॉर माय फ्रेंड. गर्ल्स टॉयलेट हॅज नो कुंडी.’

साहेबांची मान थांबली. मॅडमनी माझी हजेरी लावली आणि नेहमीसारखं म्हणाल्या, ‘सिट डाउन.’ माझ्या मागची उठली. ‘टुडे आय नो ड्रिंक वॉटर.’ मग तिच्या मागची. त्यानंतर सेकंड होम कुणीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. बाबा फॅक्टरीतून तसेच आले, कपड्यांना तेलाचा वास. मॅडम एका बाजूला उभ्या. सर मला म्हणाले, ‘मैडम ने सिखाया था ना? बोल दो, बात खत्म.’ म्हणजे माझी बात खतम आणि मॅडमची नोकरी. मी मान हलवली, नाही. सरांनी बाबांकडे पाहिलं, की बाप तरी पोरीला दटावेल. बाबा म्हणाले, ‘सर, पहले ये बताइए, कुंडी है कि नहीं?’

स्कूटरवरून परतताना मी रडत होते. बाबा ओरडले, ‘काहून रडून राहिली? खोटं बोलली का तू?’ त्या दिवशी माझे बाबा मला फार आवडले.

कडी त्याच आठवड्यात बसली. दहावी मात्र मॅडमकडून काढून घेतली आणि त्यांना सहावीवर टाकलं. आम्हाला एक सर मिळाले, ते गाइड वाचायचे. मग आम्ही मधल्या सुट्टीत डबे घेऊन पाण्याच्या टाकीपाशी जमायचो. मॅडम यायच्या आणि हजेरी घ्यायच्या, वर्षभर. कुणी परवानगी दिली नव्हती, आम्ही मागितलीही नव्हती. आज मी रेल्वेच्या ऑफिसात मोठमोठ्या साहेबांसमोर ताठ उभी राहून इंग्रजीत भांडते, ते त्या टाकीपाशी शिकले. माझ्या उच्चारांना कुणी नाक मुरडलं, तर खुशाल मुरडावं.

परवा कार्यक्रम झाला. तेच जुने प्रिन्सिपल सर पहिल्या रांगेत, गळ्यात हार. माझ्या आधी बोलणाऱ्यांचं शाळेला दुसरं घर म्हणून झालं होतं. माझं नाव पुकारलं. माइकसमोर गेले आणि माइकच खालीवर करत राहिले, सुरुवात कुठून करावी ते ठरेना. माणसं चुळबुळ करायला लागली. तेवढ्यात स्टेजवरच्या खुर्चीतून आवाज आला, अगदी तोच.

‘टुडे?’

‘टुडे आय केम अर्ली, मॅडम,’ मी सरांकडे बघत म्हणाले. ‘फर्स्ट आय वेंट टू गर्ल्स टॉयलेट. कुंडी इज देअर.’

मॅडमनी बोटानं हवेतच हजेरी लावली. ‘सिट डाउन.’