क्रुसासमोरचा जामीन

भुईगावात गल्लीतल्या क्रुसाजवळ मी सकाळी भाजी घेऊन बसते. एक म्हातारे बाबा रोज त्या क्रुसाभोवती अकरा फेऱ्या मारतात, छाती पुढे काढून, हात झुलवत. एकदा भेंडी निवडताना ते आपणहून म्हणाले, "नातवाने विरारला फ्लॅट घेतला, बाय. वीस वर्षांचं कर्ज. मी जामीन राहायला गेलो, तर बँकवाला म्हणतो, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर, चालणार नाही. मग इथे क्रुसासमोर जामीन राहिलो. आता अठ्ठ्याण्णवपर्यंत मरता येत नाही."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"मी दोन मोसमांच्या केळ्यांवर घर बांधलं. तो एवढा शिकला, तरी दोन खोल्या फेडताना म्हातारा होणार. मी आधीच निघून जाऊ?"

त्याला वर्ष झालं. काल सहा फेऱ्यांनंतर ते पायरीवर बसले. धाप लागली होती. मी पाणी दिलं.

"पुरे झालं, बाय."

परक्या माणसाशी मी मोठ्याने बोलत नाही. काल ओरडलेच, "बाबा, अजून एकोणीस वर्षं बाकी आहेत!"

"तू तर बँकवाल्यापेक्षा वाईट गं," म्हणत ते उठले, आणि उरलेल्या पाच फेऱ्या माझ्याकडे न बघता, हळूहळू, पूर्ण केल्या.