आईला मागे ठेवून

पन्नाशी उलटली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी घरात तिला छोटीच म्हणायचे. दादा मोठा, ती धाकटी, म्हणून छोटी. चष्म्याच्या दुकानात मात्र ती ताई होती. मागच्या चिंचोळ्या खोलीत बसून फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या, बसवायच्या, कुणाच्या कानाला दांडी रुतत असेल तर गरम करून वळवायची, हे तिचं काम. गिऱ्हाइकाने नवा चष्मा चढवून समोरच्या रस्त्यावरची पाटी वाचली की तिला बरं वाटायचं. ती स्वतः त्या रस्त्याच्या पुढे फारशी कधी गेली नव्हती.

कारण घरी आई होती. मोरीत पाय घसरून आईच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर धरून पलंग, खिडकी आणि संडास, एवढंच तिचं फिरणं. डोकं तल्लख, जीभ त्याहून. दादाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो रविवारी यायचा, आईला पेपर वाचून दाखवायचा आणि जाताना म्हणायचा, "छोटी आहे म्हणून निभावतंय." ते ऐकून छोटीला कौतुक झाल्यासारखंही वाटायचं आणि बाहेरून कडी घातल्यासारखंही.

दुकानासमोर एका सहलवाल्याचं ऑफिस होतं. त्याच्या काचेवर मोठाली चित्रं लावलेली: डोंगरमाथ्यावरचा किल्ला, तलावाच्या मधोमध महाल, कातळात कोरलेली लेणी. वर्षानुवर्षं ती चित्रं उन्हाने फिकी होत होती आणि छोटी ती बघत होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून आत गेली आणि नाव नोंदवून आली. घरी सांगितलं ते त्यानंतर.

आई म्हणाली, "जा की. मी काही कुठे पळून जात नाही."

दादाने जरा तोंड वाकडं केलं, पण आठ दिवस राहायला आला. शेजारीण मात्र जिन्यात भेटली आणि गालाला हात लावून म्हणाली, "आईला अशी टाकून निघालीस? मन तरी कसं होतं बाई!" तेवढं एक वाक्य छोटीच्या पिशवीत सगळ्यात जड झालं.

बसमध्ये तिच्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक काकू बसल्या. बस गावाबाहेर पडायच्या आत त्यांनी स्वतःची गुडघेदुखी, गेलेला नवरा आणि परदेशातला मुलगा, सगळं सांगून टाकलं. मग छोटीची पाळी आली.

"घरी कोण कोण गं?"

"मी एकटीच. लग्न नाही केलं. वडील लहानपणीच गेले."

"आणि आई?"

छोटीला जिन्यातली शेजारीण दिसली. आता पुन्हा तेच, 'मग तिच्याजवळ कोण?', पुन्हा तोच गालावरचा हात. ती म्हणाली, "आईही गेली."

"अरेरे! कधी?"

"गेल्या वर्षी. झोपेतच."

शब्द तोंडातून निघून गेले. ते परत घ्यायला तिने तोंड उघडलंही, पण काकूंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता आणि त्यांचे डोळे भरले होते. आता काय सांगणार?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले असते तर तिला सोपं झालं असतं. पण ते फार सुंदर गेले. किल्ल्याच्या बुरुजावर वारा असा होता की पदर सावरता सावरता ती खुळ्यासारखी हसली. लेण्यांमध्ये हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिराने दगडाच्या बाईच्या केसांचा पेड न् पेड कोरला होता. तिने तो बोटाने चाचपून पाहिला आणि पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली. काकू तिला खिडकीची जागा द्यायच्या, तिच्यासाठी चहा राखून ठेवायच्या. पोरकी ना ती!

बुरुजावर असतानाच आईचा फोन आला. "काय दिसतंय गं?"

"अगं, सगळं दिसतंय! खाली नदी आहे, दोरा टाकल्यासारखी. आणि..." इतक्यात काकू धापा टाकत वर आल्या. छोटी घाईघाईने म्हणाली, "बरं साहेब, ठेवते मग," आणि फोन बंद केला. बराच वेळ तो हातात तापत राहिला. आईने परत केला नाही.

तलावाच्या काठावर मात्र तिची हद्द झाली. काकूंनी कुठून तरी दोन फुलं आणली. "एक माझ्या नवऱ्यासाठी, एक तुझ्या आईसाठी. सोड पाण्यात. मन हलकं होतं." छोटीने फूल घेतलं. ती ते सोडेना, तेव्हा काकूंनी तिचा हात धरून तिच्याकडून ते फूल पाण्यात सोडवलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून त्या रडल्या. छोटीही रडली. काकूंना वाटलं, आठवणीने.

घरी परतल्यावर ती आईच्या पाठीला तेल लावताना, उशी नीट करताना एकही गोष्ट धड सांगू शकली नाही. "छान होतं," एवढंच. आईने खोदून विचारलं नाही. काकूंचा फोन आला की ती उचलायची नाही.

महिनाभराने ती कामावरून आली तर दारात अनोळखी चपला. आतून हसण्याचा आवाज. पलंगाशेजारच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, मांडीवर फोटोंचं पाकीट. सहलवाल्याकडून पत्ता काढून आल्या होत्या. दार शेजारणीने तिच्याकडच्या किल्लीने उघडून दिलं होतं आणि ती लगेच आपल्या घरी गेली होती.

छोटीच्या हातातली किल्ली खाली पडली.

"ये गं!" काकू म्हणाल्या. "केव्हाची वाट बघतेय. आणि लबाड, घरी इतक्या गोड मावशी आहेत हे बोलली नाहीस ती?"

छोटीने आईकडे पाहिलं. आई शांतपणे हातातला फोटो डोळ्यांजवळ नेत होती. "ती माझ्याबद्दल कशाला बोलेल," आई म्हणाली. "तिचा सगळा जीव माझ्या बहिणीवर. छोटे, चहा टाक."

चहा उतू गेला, पुन्हा टाकला. आतून काकूंचा आवाज येतच होता. तलाव, फूल, छोटीचं रडणं, काही म्हणता काही त्यांनी शिल्लक ठेवलं नाही.

त्या गेल्यावर छोटी ओट्यापाशीच उभी राहिली. शेवटी आईने हाक मारली.

"बाहेर ये. मी काय तुला खाणार आहे?"

ती दाराच्या चौकटीपर्यंत आली.

"त्या बाई आल्या त्या 'पोरीची आई गेली, फार वाईट झालं' म्हणतच आल्या. मी अशी तोंड वासून बघतच राहिले. मग म्हटलं, चारचौघांत पोरीची शोभा कशाला? झाले तुझी मावशी." आईने चष्मा काढून पुसला. "एवढं सांग, कशाने गेले मी?"

"झोपेत," छोटी कसंबसं म्हणाली.

"बरं झालं. त्रास दिला नाहीस."

छोटीने पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं आणि ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, पण "असू दे" काही म्हणाली नाही. त्या न म्हटलेल्या शब्दासाठी छोटी अनेक रात्री जागी राहिली.

काकू मग दर गुरुवारी यायला लागल्या. आई आदल्या दिवसापासून केस धुवायचा हट्ट धरायची. आणि मावशी झाल्यावर ती काय काय बोलायला लागली! छोटी एकदा लवकर आली तर आतून ऐकू आलं, "माझी बहीण फार हट्टी हो. या पोरीला दोन स्थळं चांगली आली होती. दोन्ही वेळा बहिणीच्या छातीत दुखायला लागलं. खरं दुखलं की नाही, देव जाणे. मला विचाराल तर नाही."

छोटी दारातच चपलांवर बसली. 

हे आता आपल्याच्याने सोसायचं नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्याच दिवशी ती काकूंच्या घरी गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुझ्या खांद्यावर रडले होते गं." दार लावताना त्यांनी आवाजही केला नाही.

पुढच्या गुरुवारी काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आई धुतलेले केस पाठीवर सोडून खिडकीशी बसून राहिली. तेव्हा छोटीने सांगितलं.

आई त्या आधी कधी भडकली नव्हती, ती तेव्हा भडकली. "मला विचारलंस का? तुझं मन तुला खात होतं, तू ओकून आलीस. आणि माझी मैत्रीण गेली, तिचं काय? इतक्या वर्षांत या खोलीत माझ्यासाठी म्हणून आलेलं ते एकच माणूस होतं!"

 आपण आईला आंघोळ घातली, भरवलं, औषधं दिली, पण तिला कुणी सोबत हवी असेल, हे कधी मनातही आलं नाही. बसमधल्या खोट्यापेक्षा हे छोटीला जास्त लागलं.

ती पुन्हा काकूंकडे गेली. या वेळी स्वतःबद्दल काही बोलली नाही. "आई वाट बघते," एवढंच म्हणाली.

काकू आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. "आता तुम्हाला म्हणू तरी काय?" त्यांनी विचारलं.

"काहीही म्हणा," आई म्हणाली. "पण बहिणीबद्दल बोलले ते खोटं नव्हतं. माणूस बदललं, एवढंच." छोटीकडे तिने पाहिलं नाही. छोटीनेही स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला घेतलं.

हिवाळ्यात सहलवाल्याने नवी चित्रं लावली. समुद्रातला किल्ला होता. नाव काकूंनी नोंदवलं, छोटीचं एकटीचं. "माझे गुडघे आता बस सोसत नाहीत," त्या म्हणाल्या. ते तितकंसं खरं नव्हतं, हे छोटीला माहीत होतं. "मी इथे राहते. तू जा."

निघायच्या दिवशी पहाटे ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आत दोघींचा रेडिओच्या आवाजावरून वाद चालला होता. "येते मी," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. आता मागे एकीऐवजी दोघी राहणार, असा विचार तिच्या मनात आला आणि पिशवीचा बंद खांद्यावर रुतला. ती पुन्हा आत गेली, आईचा वॉकर पलंगाच्या जरा आणखी जवळ सरकवून ठेवला, आणि मग जिना उतरली.