लंगडणारा माणूस हवा होता

कृत्रिम पाय देणाऱ्या एका संस्थेसाठी चार मिनिटांची फिल्म करायचं काम आमच्या कॉलेजच्या गटाला मिळालं. विश्वस्तांपुढे कल्पना मांडताना मी 'वेदनेचा प्रवास' असं काहीतरी बोललो होतो आणि त्यांनी माना डोलावल्या होत्या. ती वेदना शोधायला आम्ही रत्नागिरीहून पावसला गेलो.

तिथे आंब्याच्या बागेत एक काका भेटले. पन्नाशीचे, डावा पाय याच संस्थेने दिलेला. खांद्यावर पेटी घेऊन ते उतारावरून इतके भरभर चालायचे, की आमचा कॅमेरावालाच धापा टाकत मागे राहायचा. पेटी खाली ठेवली की लुंगीच्या टोकाने आधी त्या पायावरची लाल धूळ पुसायचे, मग कपाळावरचा घाम.

"काका, जरा लंगडत चालाल का?" मी विचारलं.

"कशाला?"

"बघणाऱ्यांना वाईट वाटायला हवं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "लंगडायला हा पाय कशाला हवा रे बाळा? ते मला आधीपासून येत होतं."

एवढं बोलून त्यांनी पुढची पेटी उचलली.

मला लाज वाटली. पण फिल्म चार दिवसांत द्यायची होती. आम्ही आमच्यातल्याच एकाला घोट्यापर्यंत लुंगी नेसवली आणि पाठमोरा लंगडत चालवला. त्या दृश्यावर बासरीचं संगीत घातलं. फिल्म बघून एका विश्वस्तबाईंनी डोळे टिपले. "किती खरं दाखवलंत!" म्हणाल्या.

आजही काम मागायला गेलो की मी तीच फिल्म दाखवतो. काका तिच्यात कुठेच नाहीत.