नंबर नसलेली गाडी

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी दौंडचा, पण नोकरी शिरूरला, बॅटरीच्या स्कूटर विकणाऱ्या एका दुकानात. गिऱ्हाईक आलं की माझं पाठ केलेलं वाक्य सुरू व्हायचं: पेट्रोल नाही, धूर नाही, लायसन नाही, पासिंग नाही. मोटर छोटी आणि वेग ताशी पंचविसाच्या आत असला की सरकार गाडीला नंबरच देत नव्हतं. बहुतेकांना तेच आवडायचं.

एका आप्पांना मात्र नाही आवडलं. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. गुडघ्यामुळं किक मारवेना, म्हणून सुनेनं ही गाडी घ्यायला लावली. आठवड्याभरात ते दुकानात हजर.

"नंबर कवा येणार?"

"आप्पा, हिला नंबर नसतो. सांगितलं होतं मी."

"गावात लोक इचारत्यात, चोरीची हाय का म्हणून. तीस वर्षं एसटी चालवली मी. आता ते लायसन खिशात ठिवून करू काय?"

मालक मला म्हणाले, यांना आरटीओच्या कॅम्पला ने, तेच समजावतील. गेलो. रांगेत सकाळ गेली. साहेबांनी कागद नीट वाचले.

"काका, कायद्यानं हे मोटार वाहनच नाही."

"मग काय हाय?"

"सायकल समजा."

आप्पांनी कागद गोळा केले. येताना मी त्यांच्या गाडीवर मागं बसलो होतो. चढावर गाडी दमली, तसा मी उतरून बाजूनं चालू लागलो. दुधाचे कॅन लटकवलेला एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. आप्पांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"सायकल बी न्हाई ही," ते म्हणाले.

पुढं चौकात हवालदारानं हात केला. "नंबर कुठंय? लायसन दाखवा."

आप्पांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. त्यांनी आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून लायसन काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. इथं मी मूर्खपणा केला. "साहेब, हिला लायसन लागत नाही," म्हणत नियमाची झेरॉक्स पुढं सरकवली. हवालदारानं झेरॉक्स वाचली आणि लायसन न बघताच परत दिलं.

"मग जावा की."

दुकान येईपर्यंत आप्पा माझ्याशी बोलले नाहीत.

चार दिवसांनी ते स्वतःहून आले आणि मला बाहेर बोलावलं. गाडीला मागं झकास पाटी लावली होती. पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, "नंबर लागत नाही". आणि खाली बारीक अक्षरांत, "चालकाकडे लायसन आहे".

"आता कुणी इचारत न्हाई," आप्पा म्हणाले. माझ्यावरचा रागही गेलेला दिसला, कारण चहा त्यांनीच पाजला.

ती पाटी बघून दुसरी गिऱ्हाइकं मागायला लागली. मालकांनी गाडीबरोबर पाटी फुकट द्यायचं ठरवलं आणि पेंटरला सांगायला मला पाठवलं. त्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांकडं लायसन नव्हतं. तरी खालची ओळ सगळ्यांनाच हवी होती.