रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि तरोट्याची भाजी

दवाखान्यात दीड महिना काढला की किस्से इतके साचतात, की बांधून न्यायला लुगड्याचा पदर पुरत नाही. तर ऐका. चांद्याच्या दवाखान्यात एक तरणा डॉक्टर होता, एका खाटेवर आमचे हे होते, पायथ्याशी मी होते आणि खाटेखाली सासूबाईंचा डबा होता.

ह्यांचा ताप उतरतच नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत, वरून गोठलेल्या रक्ताचं पांघरूण घेऊन. दर तीन तासांनी पेनिसिलिनची सुई, आणि पांघरूण वाढू नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या. नाहीतर माणूस हातचा जाईल.

सासूबाई म्हणाल्या, "लेकराचं रक्त वाढावं म्हून मी जलमभर चारलं, अन् हा पातळ करून राह्यला!"

*

रक्त पातळ, म्हणून वस्तऱ्याला बंदी. ह्यांची दाढी अशी वाढली, की शेजारच्या खाटेला भेटायला आलेली बाई आधी ह्यांच्याच पाया पडली. नारळ ठेवून विचारलं, नवऱ्याचा खोकला कधी जाईल?

हे डोळे मिटून म्हणाले, "सोमवारी."

सोमवारी गेला की! मंगळवारी खाटेपुढे सात नारळ.

*

रोज सकाळी डॉक्टर काचेच्या नळीत ह्यांचं रक्त घेत, घड्याळ बघत नळी कलती करत. उशिरा गोठावं ही त्यांची इच्छा, पण ते दिवसेंदिवस लवकरच गोठायला लागलं. डॉक्टर कपाळाला हात लावत. दारातून सासूबाई मात्र दह्यासारखी बातमी देत, "लागलं. मस्त लागलं."

डॉक्टरांनी गोळी वाढवली. सासूबाईंनी डब्यातली तरोट्याची पालेभाजी वाढवली! घरच्या डब्याला मनाई, म्हणून डॉक्टरांची पाठ वळली की डबा खाटेखालून वर येई. भाजीनं रक्त भरते, हा त्यांचा हिशेब. माझी पंचाईत. सांगावं तर सासू, न सांगावं तर नवरा.

*

नागपूरचे मोठे डॉक्टर आले, त्या दिवशी मी डबाच त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी झाकण काढलं, वास घेतला. म्हणाले, हिरव्या पाल्यानं त्या गोळ्यांचा जोर मोडतो. तरणा डॉक्टर लाल झाला. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाटेखाली जागा शोधली.

मग मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "ह्याच दुखण्यात, ह्याच गोळ्यांनी माझ्या एका रोग्याच्या डोक्यात रक्त उतरलं. गोळ्या बंद. सुई तेवढी चालू ठेवा."

गोळ्याच बंद, मग भाजीला कसली आडकाठी? सासूबाईंनी डबा उचलला आणि डॉक्टरांच्या देखत ह्यांच्या पुढ्यात ठेवला. बोलायची गरजच नव्हती.

*

सुया संपल्या, ताप गेला. निघायच्या दिवशी तरणा डॉक्टर बैलगाडीपर्यंत पोचवायला आला. सासूबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"किती सुकला बापा. खाऊन घे, मी थांबतो."

डॉक्टरानं उभ्याउभ्या डबा पुसून खाल्ला. तोवर आमचे हे, गुळगुळीत दाढीचे, कासरा धरून गाडीवर बसलेसुद्धा होते.