नोलीनचा ओव्हन आणि मर्वच्या पुंगळ्या

नोलीन टलकला नवा ओव्हन हवा होता. एवढीच तिची मागणी, आणि ती मागणी वयानं तिच्या धाकट्या लेकीपेक्षा मोठी होती. असलेल्या ओव्हनचं दार तारेनं बांधलेलं होतं. त्यात घातलेले स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, फुगायचं नाव घेत नसत आणि अंड्याच्या फेसाचा पावलोवा बाहेर काढला की जेवल्यावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा हळूहळू खाली बसे. ग्लेनबर्वी या त्यांच्या बेटावरच्या छोट्या गावातल्या बायका तोंडावर काही बोलत नसत. नोलीनच्या ताटलीतलं मात्र शेवटी उरे, आणि ते तिला बरोबर दिसे.

"यंदा नक्की," मर्व म्हणायचा. "बचतीतून."

मर्व म्हणजे तिचा नवरा. लोकरीचा ट्रक चालवून निवृत्त झालेला, आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीपायी पार खुळावलेला. नऊशे यार्डांवरचं टार्गेट, मधे डोंगरावरून उतरणारा गरम वारा, आणि त्या वाऱ्याला चकवून गोळी काळ्या ठिपक्याच्या पोटात बसवायची, यापलीकडे त्याला जग नव्हतं. बचत म्हणजे काय, तर दुकानातलं तयार काडतूस महाग, घरी भरलेलं निम्म्यात पडतं. म्हणजे दर गोळीमागे अर्धे पैसे वाचले. म्हणजे जितक्या गोळ्या जास्त झाडाव्यात तितके पैसे जास्त वाचणार! या हिशोबानं मर्व पूर्वीच्या तिप्पट गोळ्या झाडू लागला होता आणि दर शनिवारी संध्याकाळी श्रीमंत झाल्यासारखा घरी येत होता.

ही श्रीमंती स्वयंपाकघरात राहायची. ओट्याच्या कडेला काडतुसं भरायचा दाबयंत्राचा खांब पक्का ठोकलेला. बाजूला काचेच्या पेटीत बारूद तोलायचा काटा, इतका नाजूक की शेजारी कुणी शिंकलं तर तो ते वजन दाखवी. त्याच ओट्यावर नोलीन कान तुटलेल्या कपानं पीठ मोजत असे.

"या काट्याच्या पैशात ओव्हन आला असता," ती म्हणे.

"अगं, काटा नसता तर बचत कशी झाली असती?" मर्व अगदी निरागसपणे विचारी. नोलीन कप पिठात जरा जोरातच खुपसे.

त्या वसंतात जिल्ह्याची मोठी स्पर्धा ग्लेनबर्वीच्याच मैदानावर होती. जिंकणाऱ्याला दोन बांबू बांधलेल्या जुन्या लाकडी खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन, वाजतगाजत मैदानभर फिरवायची तिथली रीत. मर्वचा त्या खुर्चीवर उभ्या जन्माचा डोळा. स्पर्धेसाठी त्यानं फिनलंडहून काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या मागवल्या होत्या. किंमत त्यानं बायकोला सांगितली नाही, तिनं विचारली नाही, आणि दोघांनाही ती ठाऊक होती. अख्खा हिवाळा तो त्या पुंगळ्या घासत, मापत, कानाशी वाजवून बघत बसला होता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यानं त्या शेवटच्या धुतल्या, वाळायला केकच्या डब्यात घालून डबा ओव्हनमध्ये ठेवला आणि ओव्हनमधली सगळ्यात मंद आच लावली. वाळल्यावर ओव्हन बंद केला आणि डबा आतच विसरून शेळ्यांचं कुंपण बांधायला गेला.

नोलीन स्कोन करायला आली. स्पर्धेच्या दिवशी नेमबाजी क्लबच्या चहाला घरटी एक ताटली न्यायची असते. तिनं सवयीप्रमाणे ओव्हनचं बटण शेवटपर्यंत पिळलं, कारण त्याहून कमीवर त्यात काही भाजलंच जात नसे, आणि पीठ मळायला घेतलं.

काही वेळानं मागच्या दारातून मर्व आत आला, दोन पावलं चालला आणि खांबासारखा उभा राहिला.

"नोलीन, ओव्हन का चालू आहे?"

"स्कोन करतेय."

"आत काय आहे?"

"अजून काहीच ना—" म्हणेपर्यंत त्यानं तार तोडून दार उघडलंही होतं. डबा हातात येताच बोटं भाजली, डबा पडला, आणि पुंगळ्या टणटणत फरशीभर पळाल्या. मर्व त्यांच्या मधोमध मटकन खाली बसला.

त्यानं क्लबचे अध्यक्ष क्लाइव्ह पॉमरॉय यांना फोन लावला. क्लाइव्हचा आवाज सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू आला. "इतक्या आचेवर? मेल्या, पितळ मऊ पडलं असणार! फेकून दे सगळं. एखादी रायफलीत फुटली तर उद्या तुझं तोंड आम्हाला झुडपांत शोधावं लागेल."

मर्वनं फोन ठेवला. साठी उलटलेला तो माणूस फरशीवर बसून एकेक पुंगळी गोळा करत होता, आणि प्रत्येक शर्टाला पुसत होता. नोलीनला त्याचा राग यायला हवा होता. तिला त्याची दयाच आली.

मग ती वाकली आणि ओव्हनमधून काहीतरी बाहेर काढलं. तापमापक. गेल्या नाताळात लेकीकडून आणून तिनं तो वरच्या जाळीला लटकवून ठेवला होता, नवऱ्याला पुरावा दाखवावा म्हणून. नवऱ्यानं तेव्हापासून एकदाही बघितला नव्हता.

"वाच," ती म्हणाली.

"एकशे दहा," मर्व म्हणाला. मग परत, मोठ्यानं, "एकशे दहा?"

"बटण दोनशे वीसवर आहे. काटा एकशे दहाच्या पुढे कधीच जात नाही. मी काय इतकी वर्षं गंमत म्हणून रडतेय?"

"अगं, एकशे दहाला पितळाला घामसुद्धा येत नाही!" मर्वचा जीव असा काही भांड्यात पडला की तो उठून नाचायलाच लागला. आधी त्यानं बायकोचा मुका घेतला, मग ओव्हनचा, आणि बोटांपाठोपाठ ओठही भाजून घेतले. "काय ओव्हन आहे! नोलीन, हा ओव्हन सोनं आहे! पुंगळ्या वाळवायला असा ओव्हन पैसे देऊन मिळायचा नाही. आपण हा कधी, कध्धी बदलायचा नाही!"

नोलीनचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं न फुगलेले स्कोन ताटलीत रचले आणि रात्रभर विचार केला.

दुसऱ्या दिवशी वारा खुळ्यासारखा सुटला होता. झेंडे एकदा इकडे, एकदा तिकडे. मर्वच्या पुंगळ्यांनी काही कसूर ठेवली नाही. शेवटच्या गोळीपर्यंत तो आणि टपाल वाटणारी शोना मॅकफेल बरोबरीत होते. गुण सारखेच, पण सगळ्यात आतल्या वर्तुळात शोनाची एक गोळी जास्त निघाली. शोनाला खुर्चीत बसवून लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मर्व टाळ्या वाजवत होता, मनापासून, पण त्याची नजर खुर्चीच्या पायांवर होती.

चहाच्या वेळी मंडपात त्याला दुसऱ्या क्रमांकाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यानं पुंगळ्यांची गोष्ट सांगितली आणि ओव्हनची इतकी तारीफ केली की सगळे हसून हसून वाकले. "मलाही असाच हवा रे!" क्लाइव्ह ओरडले.

तेवढ्यात नोलीन उभी राहिली. तिच्या हातात चहाची किटली होती.

"घ्या की," ती म्हणाली. "मी तो ओव्हन क्लबला भेट देतेय. सगळ्यांच्याच पुंगळ्या वाळू देत. एकट्या मर्वनं मजा मारणं बरं दिसतं का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि टिकल्यांचं म्हणाल तर," नोलीन पुढे म्हणाली, आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली त्या वर्षी अख्ख्या बेटावर मिळत नव्हती. क्लाइव्ह महिनाभर टिकल्यांच्या नावानं गळा काढत होते, आणि मर्व दुःखी चेहऱ्यानं मान हलवत होता. "आमच्या पाहुण्यांच्या खोलीत, माझ्या आईच्या रजईखाली, टिकल्यांच्या खोक्यांची चळत आहे. मर्वला वाटतं मला माहीत नाही. ज्यांना हवीत त्यांनी न्यावीत. त्यानं घेतली त्याच भावात. वर सगळ्यांनी मिळून मला एक नवा ओव्हन."

"मर्व टलक!" क्लाइव्ह गरजले. "लबाडा! माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला होतास तू!"

"बचत करत होतो," मर्व पुटपुटला, आणि मंडप हसण्यानं अक्षरशः हलला. शोना तर पदकासकट खुर्चीवरून घसरली. चहा संपायच्या आत टिकल्या संपल्या आणि नव्या ओव्हनचे पैसे जमले.

रविवारी सगळे ओव्हन न्यायला आले. तो जड, दार लोंबतं, धरायचं कुठे? "खुर्ची आणा!" शोना म्हणाली. आणि तो म्हातारा, गंजका, कधीही न तापलेला ओव्हन दोरीनं खुर्चीत बांधला गेला, चौघांच्या खांद्यांवर चढला, आणि टोप्या उडवत, आरोळ्या ठोकत त्याची मिरवणूक अंगणातून ट्रेलरपर्यंत निघाली. पुढच्या बांबूखाली मर्व स्वतः होता. आधी रुसलेला, मग हसू आवरत नसलेला.

ओव्हन ट्रेलरवर चढला. खुर्ची अंगणात रिकामी उरली. मर्व तिच्याजवळ गेला, तिच्या लाकडी दांड्यावरून हात फिरवला, आणि सगळे एकमेकांना कोपरानं ढोसू लागले, आता हा बसतोय म्हणून.

"नोलीन," तो म्हणाला, "बस."

"मी? मी कुठे काय जिंकलंय?"

"बस म्हणतो ना."

ती बसली. बांबू उचलले गेले तेव्हा ती किंचाळली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. इतक्या उंचावरून तिला आपल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, आणि आत भिंतीशी ओव्हनची रिकामी जागा.

"मर्व!" ती वरून ओरडली. "नव्यात पुंगळी दिसली तर बघ हं!"

"नाही गं बाई," खालून धापा टाकत मर्व म्हणाला. "तो गरम होतो ना."