उत्पन्नाइतकाच खर्च

नाव: जयप्रकाश शंकर जगदाळे. वय चोपन्न. राहणार खारघर, ए विंग. ओळखीची खूण: बी विंगचा फुटबॉल संघ दिसला की कपाळाला आठी पडते.

बी विंगचा कप्तान विश्वजित दरवर्षी पैसे मोजून बाहेरचे खेळाडू आणायचा आणि सोसायटीचा चषक न्यायचा. जगदाळे जळायचे. शेवटी त्यांनी इंग्लंडच्या बड्या लीगचे खर्चाचे नियम वाचले आणि सभेत ठराव मांडला: प्रत्येक विंगने आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणातच संघावर खर्च करावा.

“एकदम फेअर, काका! आमचं अनुमोदन,” विश्वजित म्हणाला.

“आता कळेल लेकाला,” जगदाळे बायकोच्या कानात पुटपुटले. ठराव एकमताने मंजूर झाला.

बी विंगच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि त्याचं भाडं त्या विंगला मिळतं. ए विंगच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे.